मधुमेहाची चाहूल

रोग अंगात मुरल्यावर त्याला ओळखणे हे वैद्याचे जुने कर्तव्य. परंतु तो अद्याप उंबरठ्याबाहेर असतानाच त्याची चाहूल घेणे हे काम अधिक कठीण, आणि मधुमेहाच्या बाबतीत या कामाची परंपरा फार प्राचीन आहे. चरकसंहितेच्या निदानस्थानात प्रमेहाचे विवेचन करताना तोंडाला येणारी गोडी, हातापायांची बधिरता व दाह, तसेच शरीराकडे आणि मूत्राकडे मुंग्या-भुंग्यांनी घेतलेली धाव, या साऱ्यांची गणना रोगाच्या पूर्वरूपांत केलेली आहे. सुश्रुताने तर प्रमेहाचे सहज आणि अपथ्यजन्य असे दोन भेद मानून, निर्धन रोग्याने छत्री व पादत्राणे वर्ज्य करून, भिक्षेवर निर्वाह करीत शंभर योजने पायी हिंडावे, असा उपचार सांगून ठेवला आहे.

युरोपात हा विचार पुष्कळ उशिरा आला. लंडनचा वैद्य टॉमस विलिस याने सतराव्या शतकात अशा रोग्याच्या मूत्राची गोडी नमूद केली खरी. पण ती गोडी साखरेचीच, हे दाखविण्याचे श्रेय लिव्हरपूलच्या मॅथ्यू डॉबसनकडे जाते. १७७६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात त्याने, रोग्याचे मूत्र मंद आचेवर पार आटविल्यावर तळाशी साखरेच्या वासाचा व चवीचा पांढरा गोळा उरतो, आणि त्याच्या रक्तातील निवळही गोड लागते, अशी हकीकत दिली. त्यामुळे दोष मूत्रपिंडापुरता नसून साऱ्या देहात व्यापलेला आहे, हे अनुमान बळावले.

पुढे रसायनशास्त्राने जिभेची जागा घेतली. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील स्टॅन्ली बेनेडिक्ट याने सिद्ध केलेले मोरचुदाचे निळे द्रावण पाच मिलिलिटर घ्यावे, त्यात मूत्राचे आठ थेंब टाकून ते उकळावे, आणि साखरेच्या प्रमाणानुसार हिरवा, पिवळा, नारिंगी व शेवटी विटकरी होत जाणारा रंग पाहावा, ही रीत आपल्याकडील दवाखान्यांतही दीर्घकाळ रूढ होती. जानेवारी १९२२ मध्ये टोरोंटो येथे १४ वर्षांच्या एका मुलाला इन्सुलिन टोचण्यात आले, आणि तोवर उपासमारीखेरीज फारसे काही हाती नसलेल्या वैद्यकाला या निदानाचे चीज करणारे औषध लाभले.

तथापि या परीक्षेत एक मूलभूत उणीव होती. रक्तातील साखर साधारणपणे १८० मिलिग्रॅमच्या वर चढल्याखेरीज ती मूत्रात उतरत नाही. अर्थात नळीतला रंग पालटेपर्यंत रोगाने घर केलेले असे. १९४६-४७ च्या सुमारास अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स संस्थानातील ऑक्सफर्ड या गावी घरोघर तपासणी झाली तेव्हा ७० मधुमेही निघाले आणि त्यांपैकी ३० जणांना आपल्या रोगाची वार्ताही नव्हती. दवाखान्याची पायरी न चढलेल्या माणसालाही तपासले पाहिजे, हा आग्रह अशा पाहण्यांमुळे दृढ झाला.

त्यानंतर शोधाची दिशा रोग्याकडून धोक्याकडे वळली. चेन्नईत डॉ. व्ही. मोहन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली, वय, कमरेचा घेर, शारीरिक श्रम आणि आईवडिलांचा मधुमेह या चारच गोष्टींवरून १०० पैकी गुण देण्याची पद्धत मांडली. रक्ताचा थेंबही न काढता ६० वा अधिक गुणांचा माणूस तपासणीसाठी निवडता येऊ लागला. त्याच शहरातून डॉ. ए. रामचंद्रन यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, साखर वाढू लागलेल्या पण मधुमेही न झालेल्या लोकांना आहार व चालण्याचा नेम लावून दिल्यावर मधुमेहाचे प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटलेले आढळले. मेटफॉर्मिनच्या गोळ्यांनी साधलेली घट २६.४ टक्के होती.

या शोधाचा सर्वांत दूरचा टप्पा पुण्याच्या आसमंतात गाठला गेला. के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील स्त्रियांची गर्भधारणेपूर्वीपासून नोंद ठेविली. त्यांची अर्भके सरासरी पावणेतीन किलोच्याही आत भरली. परंतु इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या अर्भकांशी तुलना करता त्यांचे स्नायू जितके खुरटले होते तितकी त्यांची चरबी घटलेली नव्हती. ज्या मातांच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व कमी आणि फोलेट अधिक होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वाधिक दिसली.

शास्त्राची नजर अशी मागे सरकत गर्भकाळापर्यंत पोहोचली म्हणजे दोषाचा धनी कोण, हा प्रश्नही पालटतो. पन्नाशीच्या मधुमेह्याला त्याच्या जिभेबद्दल बोल लावण्यापूर्वी, त्याच्या आईच्या ताटात गरोदरपणी काय पडले होते, याची चौकशी करणे आता समाजाला टाळता येणार नाही.