वाघ दिसला नाही, मग टीप किती?

मागच्या उन्हाळ्यात नातू अमेरिकेहून आला होता. तो आला की ताडोबा ठरलेलंच. पहाटे मोहर्लीच्या गेटवर हजर झालो. जिप्सीत आमच्यासोबत नातवाच्या मित्राचे आईवडील होते. चार तास फिरलो. सांबर दिसले, गवे दिसले, एक अस्वल पाठमोरं दिसलं, पण वाघ काही दिसला नाही. गाईड जवळच्याच गावातला तरुण पोरगा. त्याने झाडं ओळखायला शिकवली, धुळीतले पंजे दाखवले, मोहफुलं कशी वेचतात ते सांगितलं. शेवटी शेवटी मात्र बिचारा स्वतःचीच चूक असल्यासारखा गप्प झाला.

परत गेटवर आलो. सोबतचे गृहस्थ म्हणाले, "वाघच नाही दिसला, मग टीप कसली?" नातवाने मोबाइल काढला. "आबाजी, पंधरा टक्के धरायचे की अठरा?" आणि मी पाकीट हातात धरून तसाच उभा. चाळीस वर्षं पोरांना शेकडेवारी शिकवली, पण हे गणित मला सुटेना.

का सुटेना, ते सांगतो. माझे वडील गावचे म्हाली होते. आमच्या झाडीपट्टीत न्हाव्याला म्हालीच म्हणत. गाव मूलच्या बाजूचं, सगळं धानाचं. माझा जन्म १९५१ चा. त्याच वर्षी ३१ मार्चला मध्य प्रदेशातली मालगुजारी कायद्याने संपली (आमचा चांदा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता). कायद्याने संपली म्हणायचं. वाडे आणि बोलण्यातला तोरा पुढे बरीच वर्षं टिकून होता.

बाबा वर्षभर घरोघरी जाऊन दाढी-कटिंग करत. पैसे कोणी देत नसे. धान निघालं की खळ्यावर जायचं आणि घरटी ठरलेल्या पायल्या मोजून आणायच्या. हेच ते बलुतं. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ च्या 'गावगाडा' या पुस्तकात देशावरच्या बलुतेदारांची सगळी व्यवस्था लिहून ठेवली आहे. त्यात थोरली, मधली आणि धाकटी अशा तीन ओळी होत्या, आणि कोणाला किती मिळायचं ते ओळीवरून ठरे. न्हावी मधल्या ओळीतला. शाळेत शिकवताना मीही पोरांना "पैशाशिवाय चालणारी सुंदर व्यवस्था" असं सांगत असे. पुस्तकात तसंच होतं ना!

पण खळ्यावर मी पोतं धरून उभा राहिलेलो आहे. मी सातवीत असतानाची गोष्ट. एका मोठ्या शेतकऱ्याने ठरलेल्या पायल्या मोजून टाकल्या आणि मग माझ्याकडे बघून म्हणाला, "पोट्टं शाळेत जाते म्हणते ना? घे, एक सूप जास्त." चार माणसं हसली. बाबांनी मान लवून ते सूपभर धान पोत्यात घेतलं. मला भयंकर राग आला. घरी येताना मी म्हटलं, "कशाला घेतलं?" बाबा म्हणाले, "मोजलेलं आपलं असते. न मोजलेलं त्याचंच राहते. त्याच्या ध्यानात राहते."

मला तेव्हा काही कळलं नाही. त्याच धानाच्या पैशातून माझी पुस्तकं आली, हेही खरं. पण पुढच्या उन्हाळ्यात त्या घरी लग्न निघालं. बाबांना बोलावणं आलं. दोन रात्री मशाल धरायची, पाहुण्यांचे पाय चेपायचे, उष्टी काढायची. मजुरीचं नाव नाही. सूपभर धान असं वसूल झालं.

यालाच आमच्याकडे बेगार म्हणत. तिकडे गडचिरोलीच्या जमीनदाऱ्यांत तर आदिवासींकडून काय काय करून घेत, ते जुन्या माणसांकडून ऐकलं आहे. घटनेच्या कलम २३ मध्ये 'बेगार' हा आपला शब्द जसाच्या तसा आहे आणि तिच्यावर बंदी आहे. हे कलम वर्गात शिकवताना माझा आवाज थोडा बदलायचा, असं एका जुन्या विद्यार्थ्याने मला मागे सांगितलं.

डॉ. आंबेडकरांनी हे नेमकं ओळखलं होतं. १९२८ साली त्यांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनासंबंधी विधेयक आणलं. बलुत्याऐवजी रोख पैसे मिळावेत आणि ते सरकारी वसुलीबरोबरच गोळा व्हावेत, अशी त्यांची मागणी होती. म्हणजे कोणाच्या खळ्यावर जाऊन हात पसरायला नको. ते विधेयक पुढे सरकलं नाही. ही वतनं जायला १९५८ चा कायदा यावा लागला. बलुतं मागण्यात काय जळतं, ते १९७८ साली दया पवारांच्या 'बलुतं'ने पांढरपेशा घरांपर्यंत पोचवलं. मी ते पुस्तक एका रात्रीत वाचलं आणि दोन दिवस कोणाशी बोललो नाही.

आता नातवाच्या अमेरिकेचं बघा. तिथे रेल्वेच्या पुलमन डब्यांत काळे पोर्टर असत. पगार तुटपुंजा, बाकी सगळी भिस्त प्रवाशांच्या टीपवर. टीपसाठी सतत हसतमुख राहायचं! त्यांनी १९२५ साली ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या पुढाकाराने युनियन काढली आणि १९३७ मध्ये कंपनीशी करार मिळवला. आंबेडकर इकडे जे मागत होते, तेच हे लोक त्याच सुमाराला तिकडे मागत होते. आमच्या खुशीवर सोडू नका, ठरवून द्या. आणि तरी तिथे आजही केंद्रीय कायद्याप्रमाणे टीप मिळवणाऱ्या वेटरला मालकाने तासाला फक्त २.१३ डॉलर दिले तरी चालतात. १९९१ पासून तो आकडा हललेला नाही. टीप धरूनही किमान वेतन भरलं नाही तर उरलेलं मालकाने द्यायचं, पण मूळ बोजा गिऱ्हाइकावरच. म्हणून नातू टक्के काढत होता. त्याच्या दृष्टीने ते बक्षीस नाही, जवळपास बलुतंच आहे.

आपल्याकडे हॉटेलवाले बिलात सर्व्हिस चार्ज आपोआप लावू लागले, तेव्हा २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने तसं करू नका म्हणून सांगितलं, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते कायम केलं. ग्राहक म्हणून बरं वाटलं. पण त्या वेटरचा पगार किती, हा प्रश्न तिथेच राहिला.

बक्षीस हा शब्द फारसीतून आला. आपल्याकडे त्याला भावंडं किती! दिवाळीची पोस्त, पोळ्याचा बोजारा, आणि ऑफिसातलं 'चहापाणी'. पोळ्याला बैलजोडी दारी आली की गड्याला बोजारा द्यायचा, तो आनंदाचा. चहापाणी मात्र वेगळं. माझ्या पेन्शनचे कागद एका टेबलावर दोन महिने अडकले होते, ते चहापाण्यासाठीच. फरक साधा आहे. बोजारा काम झाल्यावर देतात, चहापाणी काम होण्याआधी मागतात.

आणि जंगलात हा फरक पुसट होतो. वाघ दिसला तर हजार, नाही तर काही नाही, असं झालं की गाईड आणि ड्रायव्हर काय करतील? २०२४ च्या ३१ डिसेंबरला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात जिप्स्यांनी वाघीण आणि तिच्या पिल्लांना रस्त्यात अडवलं. नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, गाईड-ड्रायव्हर निलंबित झाले. चूक त्यांची होतीच. पण वाघाचा भाव आपणच फोडला ना?

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाची गोष्ट मला म्हणूनच आवडते. २००९ मध्ये त्या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ पासून ग्रामसभा स्वतः बांबू विकू लागली. जी माणसं दुसऱ्याचा बांबू मजुरीने तोडत, ती विकणारी झाली. तिथे टीपचा प्रश्नच येत नाही.

असो. त्या दिवशी मी काय केलं? वाघ दिसला असता तर दोनशे दिले असते, तेच दोनशे दिले. त्याची फी ठरलेली असते, ती मोजलेली. माझे दोनशे न मोजलेले, म्हणून जरा भीतभीतच दिले. त्याने घेतले आणि म्हणाला, "सर, पुढच्या वेळी नक्की दाखवतो." मी म्हटलं, "नाही दाखवला तरी चालेल. अस्वल छान होतं."

नातू गाडीत म्हणाला, "आबाजी, हे किती टक्के झाले?" मी त्याला सूपभर धानाची गोष्ट सांगितली. आजवर घरात कोणाला सांगितली नव्हती. चंद्रपूर येईपर्यंत पोरगा एक शब्द बोलला नाही.

तुमच्या गावी अशा देण्याला काय म्हणत? आणि तुमचं घर देणाऱ्यांतलं होतं की घेणाऱ्यांतलं? लिहा जरूर.