सत्तर टक्के रक्त, पण कशाचे?

रक्ततपासणीच्या अहवालात हिमोग्लोबिनचा आकडा ग्रॅममध्ये असतो. १०० मिलिलिटर रक्तात १२ ग्रॅम, असा त्याचा अर्थ. पूर्वीचे डॉक्टर मात्र ‘रक्त सत्तर टक्के आहे’ असे सांगत. सत्तर टक्के म्हणजे कशाच्या?

हे टक्के आले कुठून ते पाहू. १८७८ मध्ये लंडनच्या विल्यम गॉवर्स यांनी एक साधे उपकरण तयार केले. त्यात दोन नळ्या होत्या. एका नळीत कारमाइनने रंगवलेले जिलेटिन असे. निरोगी माणसाचे रक्त शंभरपट पातळ केल्यावर जो रंग दिसतो, तोच या जिलेटिनचा. दुसऱ्या नळीत बोटातून काढलेले २० घनमिलिमीटर रक्त घ्यायचे आणि रंग जुळेपर्यंत थेंबथेंब पाणी घालायचे. नळीवर शंभर खुणा असत. सत्तराव्या खुणेला रंग जुळला, तर हिमोग्लोबिन सत्तर टक्के!

पण जिलेटिनचा रंग टिकत नसे. १९०१ मध्ये जॉन स्कॉट हाल्डेन यांनी त्यावर उपाय शोधला. (पुढे भारतात स्थायिक झालेले जे. बी. एस. हाल्डेन हे त्यांचेच पुत्र.) कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला घट्ट चिकटतो आणि तो लाल रंग टिकतो. म्हणून त्यांनी तुलनेसाठी या वायूने भारलेले रक्तच वापरले. त्याच सुमारास स्वित्झर्लंडच्या हेर्मान साहली यांनी दुसरी वाट धरली. रक्तात सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल घातले की तपकिरी हिमॅटिन तयार होते. त्याची तुलना करायला तपकिरी काच पुरते. ही पद्धत स्वस्त आणि सोपी असल्याने आपल्याकडच्या प्रयोगशाळांतही ती रुळली.

अडचण वेगळीच होती. ‘निरोगी माणूस’ प्रत्येकाचा निराळा! हाल्डेन यांचे १०० टक्के म्हणजे १३.८ ग्रॅम (पुढे हा आकडा १४.८ असा दुरुस्त झाला), साहलींच्या मूळ पट्टीवर मात्र १७.३ ग्रॅम. आता आपणच हिशोब करू. हाल्डेन यांच्या मूळ पट्टीवरचे सत्तर टक्के म्हणजे ९.७ ग्रॅम, तर साहलींच्या पट्टीवरचे १२.१ ग्रॅम. पंधरा वर्षांच्या मुलीला १२ ग्रॅमपेक्षा कमी हिमोग्लोबिन असेल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार तिला रक्तक्षय आहे. म्हणजे आकडा तोच, पण एका पट्टीवर मुलगी आजारी आणि दुसरीवर ठणठणीत!

यातून सुटायचे तर दोन गोष्टी हव्या होत्या: ग्रॅमची भाषा आणि डोळ्यांवर न विसंबणारे मापन. १९३५ मध्ये ड्रॅबकिन आणि ऑस्टिन यांनी पोटॅशियम फेरिसायनाइड व सायनाइड वापरून रक्तातल्या जवळजवळ सर्व प्रकारच्या हिमोग्लोबिनचे एकाच टिकाऊ संयुगात रूपांतर करून दाखवले. हे संयुग ५४० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश किती शोषते, ते प्रकाशमापी मोजतो. १९६७ मध्ये रक्तशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय समितीने हीच प्रमाण पद्धत म्हणून शिफारस केली. सायनाइड विषारी असल्यामुळे आज अनेक यंत्रांत दुसरी रसायने असतात. पण त्यांचे आकडे पडताळायचे ते याच प्रमाणाशी.

वर्गात रक्ताशिवायही हे अनुभवता येईल. पोटॅशियम परमँगनेटचे फिके द्रावण एका परीक्षानळीत ठेवा. दुसऱ्या नळीतले गडद द्रावण पाणी घालून त्या रंगाला आणायला चार मुलांना सांगा. चौघांचे आकडे फळ्यावर लिहा. ते सारखे येतील का? आणि नाही आले, तर खरा कोणाचा मानायचा? प्रमाणाची गरज का पडते, यावरची चर्चा इथून सुरू करता येईल.