विमान नॉर्वेचे, वैमानिक कोणाचा?

एखादी प्रादेशिक विमान कंपनी सातासमुद्रापार झेप घेते तेव्हा प्रवाशांना स्वस्त तिकिटांचे आणि भागधारकांना विस्ताराच्या आकड्यांचे अप्रूप असते. वैमानिकांपुढे मात्र निराळाच प्रश्न उभा राहतो. आपल्या नियुक्तिपत्रावर शिक्का कोणत्या कंपनीचा आणि त्यावर कायदा कोणत्या देशाचा? 'नॉर्वेजियन एअर शटल' या कंपनीच्या परदेशी विस्तारावरून युरोप व अमेरिकेतील वैमानिकांनी दिलेला लढा याच प्रश्नाभोवती फिरत राहिला. वरकरणी तो वेतनाचा वाद होता. मुळात तो 'मालक कोण' याचा वाद होता.

छोट्या विमानांपासून ड्रीमलायनरपर्यंत

'बिझी बी' ही नॉर्वेतील विमान कंपनी १९९२ च्या अखेरीस बुडाली. तिच्या कर्मचाऱ्यांनी पुढाकार घेऊन जानेवारी १९९३ मध्ये 'नॉर्वेजियन एअर शटल'ची स्थापना केली. 'ब्रॉथन्स' या मोठ्या कंपनीसाठी नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरील शहरांदरम्यान 'फॉकर ५०' ही पंख्याची विमाने चालविणे, एवढाच तिचा व्याप होता. पुढे 'ब्रॉथन्स' ही 'एसएएस' या स्कँडिनेव्हियन कंपनीच्या ताब्यात गेली आणि हे काम संपुष्टात आले. तेव्हा सप्टेंबर २००२ मध्ये 'नॉर्वेजियन'ने बोइंग ७३७ विमाने घेऊन स्वस्त दरातील देशांतर्गत सेवा सुरू केली. पेशाने वकील आणि एके काळी लढाऊ वैमानिक असलेले ब्यॉर्न क्योस तिचे प्रमुख झाले.

जानेवारी २०१२ मध्ये कंपनीने एकाच वेळी २२२ विमानांची मागणी नोंदविली. युरोपातील तोपर्यंतची ती सर्वांत मोठी खरेदी होती. मे २०१३ च्या अखेरीस ऑस्लोहून न्यूयॉर्क व बँकॉकची उड्डाणे सुरू झाली. बोइंग ७८७ 'ड्रीमलायनर' विमाने वेळेवर न मिळाल्याने प्रारंभी भाड्याच्या एअरबस विमानांवर काम भागवावे लागले.

आयर्लंडचा परवाना, बँकॉकचा तळ

नॉर्वेतील वेतनमान युरोपातही चढे मानले जाते. त्या खर्चात स्वस्त तिकिटांची स्पर्धा करणे अशक्य आहे, अशी व्यवस्थापनाची भूमिका होती. नॉर्वे युरोपीय संघाचा सदस्य नाही. संघाने अन्य देशांशी केलेल्या हवाई करारांचा लाभ मिळावा, या कारणासाठी 'नॉर्वेजियन एअर इंटरनॅशनल' ही उपकंपनी आयर्लंडमध्ये स्थापन करण्यात आली आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये तिला आयरिश परवाना मिळाला. लांब पल्ल्याच्या विमानांवरील काही कर्मचाऱ्यांचा तळ बँकॉकमध्ये होता आणि त्यांची भरती मनुष्यबळ पुरवठादार कंपन्यांमार्फत झाली होती. म्हणजे कंपनी नॉर्वेची, परवाना आयर्लंडचा, तळ थायलंडचा आणि नोकरी तिसऱ्याच कुणाची, अशी ही रचना होती.

अमेरिकेतील 'एअर लाइन पायलट्स असोसिएशन' या वैमानिकांच्या संघटनेने त्यावर बोट ठेवले. सागरी वाहतुकीत मालक एका देशाचा आणि जहाजावरचा ध्वज पनामा वा लायबेरियाचा, ही पद्धत जुनी आहे. तीच आता आकाशात येत असल्याचा तिचा आक्षेप होता. अमेरिका व युरोपीय संघ यांच्यातील हवाई करारात २०१० मध्ये घातलेल्या '१७ बिस' या कलमानुसार, करारातील संधींचा उपयोग कामगारांचे मानदंड खालावण्यासाठी होऊ नये, असे अपेक्षित आहे. संघटनेने याच कलमाचा आधार घेतला. तथापि, परवाना नाकारण्यास हे कलम पुरेसे नाही, असा निष्कर्ष अमेरिकी परिवहन विभागाने काढला आणि २ डिसेंबर २०१६ रोजी उपकंपनीला अंतिम मंजुरी दिली.

वैमानिकांची मते

विस्ताराविषयी सर्व वैमानिकांचे मत एकसारखे नसते आणि त्यामागे व्यवसायाचे गणित आहे. विमानांची संख्या वाढली की सहवैमानिकाला कॅप्टनपद लवकर मिळते. छोट्या विमानावरून वाइड बॉडी विमानावर जाण्याची वाट मोकळी होते. बेकार झालेल्या वा नव्याने परवाना मिळविलेल्या वैमानिकाला कंत्राटी नोकरीही मोलाची वाटते.

याउलट जुन्या वैमानिकांची भिस्त सेवाज्येष्ठतेवर असते. वेतन, बढती, सुट्या, कोणत्या तळावर राहावयाचे हे बऱ्याच कंपन्यांत ज्येष्ठतेच्या यादीवरून ठरते. कंपनी बदलली की बहुधा यादीच्या तळापासून आरंभ करावा लागतो. त्यामुळे नवी विमाने उपकंपनीच्या नावावर गेली, तर त्यांवरील बढतीचा मार्ग आपल्यासाठी बंद होईल आणि उपकंपनीतील कमी वेतन उद्या आपल्यासमोर वाटाघाटीत ठेवले जाईल, अशी दुहेरी धास्ती त्यांना असते.

तिसरा मुद्दा सुरक्षिततेचा. युरोपीय आयोगाच्या अर्थसाहाय्याने गेंट विद्यापीठाने केलेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. युरोपातील सहापैकी एकाहून अधिक वैमानिक पुरवठादार कंपनीमार्फत, स्वयंरोजगार दाखवून वा हमी वेतनाविना काम करीत असल्याचे त्यात आढळले. थकलेल्या वैमानिकाने 'आज उड्डाण करणार नाही' असे सांगणे, हा सुरक्षिततेचा शेवटचा बांध असतो. ज्याची पुढची नेमणूक त्या नकारावर अवलंबून आहे, त्याच्यासाठी हा शब्द उच्चारणे कठीण होते.

संप आणि न्यायालय

२८ फेब्रुवारी २०१५ रोजी 'नॉर्वेजियन'च्या सुमारे ७० वैमानिकांनी संप पुकारला. काही दिवसांतच नॉर्वे, स्वीडन व डेन्मार्कमधील सुमारे ७०० वैमानिक त्यात ओढले गेले आणि हजारो प्रवाशांची गैरसोय झाली. तिन्ही देशांसाठी समान करार आणि मूळ कंपनीशी थेट नाते, या त्यांच्या प्रमुख मागण्या होत्या. १० मार्च रोजी तडजोड होऊन संप मिटला. परंतु मालकीचा प्रश्न मिटला नाही. तो नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मूळ कंपनीला उपकंपन्यांतील वैमानिक व केबिन कर्मचाऱ्यांचा मालक मानता येणार नाही, असा निर्णय न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये दिला.

या निर्णयाचा अर्थ दीड वर्षाच्या आतच उमगला. मार्च २०१९ मध्ये बोइंग ७३७ मॅक्स विमाने जगभर जमिनीवर आली. ड्रीमलायनरच्या इंजिनांतील दोषांमुळे आधीच उड्डाणे विस्कळीत झाली होती. त्यातच आयर्लंडहून अमेरिकेला जाणारी सेवा सप्टेंबर २०१९ मध्ये बंद करावी लागली. पाठोपाठ कोरोनाची साथ आली. २० एप्रिल २०२० रोजी स्वीडन व डेन्मार्कमधील चार मनुष्यबळ उपकंपन्यांनी दिवाळखोरी जाहीर केली. त्यात १,५७१ वैमानिक आणि ३,१३४ केबिन कर्मचारी होते. मूळ कंपनी तगली. तिचीच विमाने चालविणाऱ्यांचा 'मालक' मात्र एका दिवसात नाहीसा झाला. १४ जानेवारी २०२१ रोजी लांब पल्ल्याची सेवाही कायमची गुंडाळल्याची घोषणा झाली. कंपनी पुन्हा युरोपातील छोट्या अंतरांकडे वळली.

मुंबईच्या धावपट्टीवर

या कथेचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. 'नॉर्वेजियन'ने सोडलेल्या ड्रीमलायनर विमानांवर २०२१ मध्ये 'नॉर्स अटलांटिक' ही नवी कंपनी उभी राहिली. देशांतर्गत सेवेत वाढलेल्या 'इंडिगो'ने युरोपकडे मोहरा वळविताना 'नॉर्स'कडूनच ही विमाने त्यांच्या वैमानिकांसह भाड्याने घेतली. जुलै २०२५ मध्ये मुंबईहून मँचेस्टर व ॲम्स्टरडॅमची उड्डाणे सुरू झाली ती याच व्यवस्थेतून.

अशी भाडेव्यवस्था नियमानुसार चालते आणि नव्या मार्गाची चाचपणी करण्यास ती उपयुक्तही ठरते. तथापि, तिकीट एकाचे आणि वैमानिक दुसऱ्याचा, ही स्थिती भारतीय वैमानिकांनाही आता अपरिचित राहिलेली नाही. परदेशी विस्ताराचे स्वागत करतानाच करारातील मालकाचे नाव तपासून घ्यावे, हा नॉर्वेतील सहकाऱ्यांचा अनुभव त्यांच्यासमोर आहे. वेतनाचा आकडा पुढच्या वाटाघाटीत वाढविता येतो; वाटाघाटीसाठी समोर बसणाराच उरला नाही, तर त्या आकड्याला अर्थ राहत नाही.