शापोरा नदीचे दोन काठ : विपथगामी वर्तनासंबंधी एक ऐतिहासिक विचार

विपथगामी वर्तनाच्या समाजशास्त्रीय उपपत्ती आपल्या धर्मशिक्षणवर्गांत परक्या वाटतात. पापाचा विचार आपणांस परिचित. परंतु समाज कोणास ‘वाट चुकलेला’ ठरवितो व का, हा प्रश्न निराळा आहे. त्याचे उदाहरण शोधण्यास अमेरिकेस जावयास नको. पेडणे महालातील तुये गावाच्या नदीकाठी उभे राहिले म्हणजे पलीकडे बारदेशातील कामुर्ली दिसते. मधे शापोरा नदीचे पात्र, एवढेच अंतर.

बारदेश 1543 साली पोर्तुगिजांकडे गेला. गोव्यात 1560 मध्ये इन्क्विझिशनची स्थापना झाली. 1774 ते 1778 हा खंड वगळता ती 1812 पर्यंत चालली. तिने 1736 च्या एप्रिलात काढलेला जाहीरनामा प्रसिद्धच आहे. बाप्तिस्मा घेतलेल्यांनी दारी तुळस लावू नये, विवाहात ओव्या गाऊ नयेत, हळद लावू नये, विडे वाटू नयेत, मिठावाचून भात शिजवू नये, पुरुषांनी पुडवें नेसू नये, स्त्रियांनी चोळी घालू नये. त्या वेळी पेडणे सावंतवाडीकर भोसल्यांच्या अमलाखाली होते. म्हणजे कामुर्लीस जो अपराध, तो तुयें येथे केवळ रोजचा संसार! पुढे 1788 मध्ये पेडणे पोर्तुगिजांना मिळाले, तेव्हा नव्या काबिजादींतील हिंदूंना त्यांच्या चालीरीतींचे अभय देण्यात आले; 1853 साली त्या चालीरीतींची संहिताही करण्यात आली. राजा एक, नदी एक, नियम दोन.

हॉवर्ड बेकर यांनी 1963 मध्ये मांडले की विपथगामित्व हा कृतीचा अंगभूत गुण नव्हे. नियम करणारे व तो लागू करणारे यांनी मारलेला तो शिक्का होय. त्याहूनही पूर्वी, 1895 मध्ये, एमिल दुर्खाईम यांनी लिहिले होते की संतांच्या समाजातही अपराध उरेलच, कारण तेथे क्षुल्लक चूकही घोर ठरेल. काय एरिक्सन यांनी 1966 मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या प्युरिटनांचा अभ्यास करून दाखविले की आपल्या सीमा कोठे संपतात हे स्वतःस कळावे म्हणून समाज अपराधी शोधतो. मिठावाचूनच्या भाताची चौकशी इतक्या कसोशीने का व्हावी, याचा उलगडा येथे होतो. साध्य व साधन यांच्या विसंगतीतून विचलन सांगणारी मर्टन यांची 1938 ची उपपत्ती मात्र आपल्या उदाहरणास फारशी लागू पडत नाही.

तथापि एक आक्षेप टाळता येत नाही. कामुर्लीची बाप्तिस्मा घेतलेली स्त्री व तुयेंची हिंदू स्त्री यांची कृती बाहेरून सारखी असली तरी पहिलीने एक वचन दिलेले होते. शिक्क्याची उपपत्ती वचनभंगाविषयी मौन बाळगते. म्हणून तिच्या बळावर पाप ही कल्पनाच रद्द करणे उतावळेपणाचे होईल. खरा वाद निराळा आहे : चोळी हा त्या वचनाचा भंग होता काय? ख्रिस्तसभेचे उत्तर सर्वकाळ एकच नव्हते. मदुराईस रॉबर्ट दी नोबिली यांच्या पद्धतीस पंधरावे ग्रेगरी पोप यांनी 1623 मध्ये परवानगी देऊन नवख्रिस्ती ब्राह्मणांना जानवे व गंध ठेवू दिले. रोममधील धर्मप्रसार मंडळाने 1659 मध्ये आपल्या प्रेषितांना बजावले की धर्म व नीती यांस उघड विरोधी नसलेल्या चालीरीती लोकांना बदलावयास लावू नका. त्यानंतर सत्त्याहत्तर वर्षांनी गोव्यात चोळीवर बंदी आली. पुढे 1744 मध्ये रोमनेही मलबारी विधींविरुद्ध कठोर निर्णय दिला, हेही नमूद केले पाहिजे.

इन्क्विझिशनचे गोव्यातील बहुतेक दप्तर नष्ट झाले आहे. ज्यांच्यावर शिक्का बसला त्यांचे म्हणणे आपणांपर्यंत फारसे पोहोचलेले नाही. नियम करणाऱ्यांचाच शब्द उरला. गंमत अशी की अठराव्या शतकातील विवाहरीतींची तपशीलवार माहिती अभ्यासक आज त्याच बंदीच्या यादीतून घेतात. आणि नारळाच्या रसाने वधूवरांना माखण्याचा ‘रोस’ गोव्याच्या ख्रिस्ती घरांत अद्याप होतो, ओव्यांसह.