परीक्षक आधी, गुरुजी मागाहून

वार्षिक परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी बाकांवर खडूने बैठक-क्रमांक घालण्याचे काम आमच्या शाळेत गेली कित्येक वर्षे माझ्याकडे आहे. वर्षभर ज्यांना मी नावाने हाका मारतो, ती मुले दुसऱ्या दिवशी आकडे होऊन येतात. यात काही अन्याय आहे, असे मला पूर्वी वाटे. पुढे मुंबई विद्यापीठाचा इतिहास वाचला, आणि ते वाटणे अर्धेच खरे आहे हे ध्यानात आले.

मुंबई विद्यापीठाचा कायदा झाला 18 जुलै 1857 रोजी. उत्तरेत बंडाचा वणवा पेटलेला असताना कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे एकाच वर्षी विद्यापीठे निघाली. चार्ल्स वुडच्या 1854 च्या खलित्यात त्यांची कल्पना मांडलेली होती, आणि नमुना होता लंडन विद्यापीठाचा. 1836 साली सनद मिळालेले ते विद्यापीठ स्वतः शिकवीत नसे. शिकवायचे महाविद्यालयांनी, विद्यापीठाने फक्त परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची. आपल्याकडे तेच आले. म्हणजे आपले विद्यापीठ जन्मले ते परीक्षक म्हणून. गुरुजी ते मागाहून झाले. पहिली मॅट्रिक 1859 साली झाली, तेव्हा त्याला धड स्वतःची इमारतही नव्हती. राजाबाई टॉवर पुरा व्हायला 1878 साल उजाडले. घर नाही, वर्ग नाही, अध्यापक नाही. पण परीक्षा मात्र आहे!

1862 साली बी. ए. ची पहिली परीक्षा उतरले ते चौघे. महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. ही नावे आपण अभिमानाने घेतो, आणि ते योग्यच आहे. परंतु या मंडळींना घडवले ते परीक्षेने नव्हे, हे आपण विसरतो. एल्फिन्स्टनमध्ये गुरूंचा निकट सहवास होता, ग्रंथालय होते, एकमेकांशी वाद घालणारे मोजके सोबती होते. पुढे विद्यार्थी वाढले, महाविद्यालये वाढली, तो सहवास विरळ होत गेला. आणि परीक्षा मात्र होती तशीच राहिली.

तथापि त्या सहवासालाही दुसरी बाजू होती. रानड्यांच्या चरित्रात एक हकीकत येते. त्यांनी एका निबंधात मराठ्यांच्या राज्याची तुलना इंग्रजी राज्याशी केली, आणि ती इंग्रजांना अनुकूल नव्हती. सर अलेक्झांडर ग्रँट हे त्यांचे मोठे चाहते. पण जे सरकार शिक्षण देते त्याची निंदा करू नये, अशी समज देऊन त्यांनी रानड्यांची शिष्यवृत्ती सहा महिने बंद केली. येथे परीक्षक आपल्या विद्यार्थ्याला चांगला ओळखत होता. त्याची बुद्धी त्याला ठाऊक होती, आणि त्याचे मतही ठाऊक होते. शिक्षा झाली ती मताला.

म्हणून मला बैठक-क्रमांकाची दुसरी बाजू दिसू लागली. आकड्याला जात नसते, आडनाव नसते, बापाचा धंदा नसतो. ही गोष्ट महात्मा फुल्यांनी फार लवकर ओळखली असावी. 1882 साली हंटर कमिशनपुढे त्यांनी जे निवेदन केले, त्यातील प्राथमिक शिक्षणाची मागणी सर्वांना ठाऊक आहे. पण त्यातच आणखी एक लहानशी मागणी आहे. खासगी रीतीने अभ्यास केलेल्यांना विद्यापीठाच्या प्रवेश-परीक्षेला बसू देतात याचे समाधान मानून, हीच सवलत वरच्या परीक्षांनाही द्यावी, म्हणजे पुष्कळ तरुण घरी अभ्यास करतील, असे त्यांनी सुचवले. महाविद्यालयाची फी ज्याला झेपत नाही, त्याने घरी दिव्यापाशी वाचावे आणि विद्यापीठाने एवढेच पाहावे की याला येते की नाही. ज्या परीक्षेला आपण भिंत म्हणतो, तिच्यात फुल्यांना दार दिसले होते.

हे दार पुरतेपणी उघडायला शंभर वर्षे लागली. नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ निघाले 1989 साली.

दरम्यान विद्यापीठ शिकवूही लागले. कर्झनच्या 1904 च्या कायद्याने त्याला अध्यापनाची मुभा दिली, आणि 1919 साली मुंबईत समाजशास्त्राचा विभाग निघाला. त्याचे पहिले प्रमुख पॅट्रिक गेडिस. त्यांच्याकडे एक मालवणचा तरुण आला, गोविंद सदाशिव घुर्ये. घुर्यांचा विषय संस्कृत. त्यांनी मुंबई शहरावर एक निबंध लिहिला. त्याच्या बळावर त्यांना परदेशी अभ्यासासाठी शिष्यवृत्ती मिळाली, आणि भारतीय समाजशास्त्राला पहिल्या पिढीचा आचार्य मिळाला. ही परीक्षाच होती. फक्त तिला तीन तासांची घंटा नव्हती, आणि तपासणारा उत्तरापेक्षा माणूस कसा विचार करतो हे पाहत होता.

स्वातंत्र्यानंतर राधाकृष्णन आयोगाने 1949 साली सांगितले की विद्यापीठात एकच सुधारणा करायची तर ती परीक्षेची करा. आपण सत्रे आणली, अंतर्गत गुण आणले. 2017 साली मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका पडद्यावर तपासायला घेतल्या, आणि निकाल महिनोन् महिने रखडले. सुधारणा बहुधा तपासण्याच्या यंत्राची झाली, तपासण्याच्या हेतूची नव्हे. 2020 च्या धोरणात सतत मूल्यमापन आले आहे. आणि 2022 पासून तर कोणत्याही विषयावर सुबक निबंध लिहून देणारे यंत्र खिशात आले आहे. घरी लिहून आणलेल्या निबंधावर आता विश्वास कसा ठेवावा, या विवंचनेत प्राध्यापक आहेत. कोणी म्हणतात, पुन्हा तीन तासांचा पेपर. कोणी म्हणतात, समोर बसवून तोंडी विचारा.

मी मॅट्रिकच्या पुढे न गेलेला मास्तर. विद्यापीठाला शहाणपण शिकवण्याचा मला अधिकार नाही. कधीकाळी एका विद्यापीठाचा बाहेरून परीक्षा देण्याचा अर्ज मीही भरला होता. पूर्वतयारीच्याच परीक्षेत एका विषयात चार गुणांनी राहिलो. कुठे चुकलो हे विचारायला दोनदा गेलो. खिडकीतल्या गृहस्थांनी गुणांचा आकडा पुन्हा वाचून दाखवला. पुढे कादंबऱ्या लिहिल्या, पण ते चार गुण अजून कुठे सापडले नाहीत. नापास झाल्याचे दुःख केव्हाच सरले. कोणी काही सांगितले नाही, हे मात्र राहिले.

फुल्यांचे दार आणि गेडिसांची नजर, या दोहोंपैकी एकच निवडावे लागेल असे मानण्याचे काही कारण नाही. निकाल लावताना नाव झाकलेले असावे, आणि निकालानंतर मुलाला समोर बसवून नावाने सांगावे की बाबा, हे तुला आले, हे आले नाही, आणि हे का आले नाही. समोरच्या प्रश्नाने यंत्राचे उत्तर उघडे पडते, आणि झाकलेल्या नावाने ग्रँटसाहेबांचा राग अडतो. याला माणसे अधिक लागतील, वेळ अधिक लागेल, आणि म्हणून पैसाही. विद्यापीठाचे भवितव्य माझ्या समजुतीप्रमाणे त्या खर्चाच्या तयारीत आहे.

परवा सहामाही झाली. बाकांवरचे आकडे मी ओल्या फडक्याने पुसून काढले, आणि उत्तरपत्रिका वाटायला घेतल्या. एकेकाला नावाने हाक मारून.