नखी, बोट आणि चिपळ्या

परभणीत नवरात्रातल्या एका कार्यक्रमात दुसरं गाणं संपत असताना आमच्या ऑर्केस्ट्राचे मालक स्टेजच्या मागून आले आणि माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "अरे, तू वाजवायलास का नुसता धरून उभा राहिलास? समोर काहीच ऐकू येईना." मग शर्टाच्या खिशातून गिटारची प्लास्टिकची नखी काढून माझ्या हातात ठेवली. "ही घे. नाहीतर पुढच्या सुपारीला येऊ नको."

मी एकोणीस वर्षांचा होतो. जुनी वापरलेली बास गिटार हप्त्याहप्त्याने पैसे देऊन घेतली होती आणि मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकलो होतो. त्या व्हिडिओंतून एक गोष्ट डोक्यात पक्की बसली होती: खरा बासवाला बोटांनी वाजवतो, नखी वापरतो तो बिचारा चुकून बासकडे आलेला गिटारवाला. त्यामुळे मालकांचं बोलणं मला अपमान वाटलं. पण रात्रीच्या हजेरीचे पैसे हवे होते. मी उरलेली सगळी गाणी नखीने वाजवली. पुढे बसलेल्या पोरांनी पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं. म्हणजे ऐकू आलं होतं. तरी घरी जाताना कुणाला तरी फसवल्यासारखं वाटत राहिलं.

हे 'कुणाला तरी' म्हणजे आमचे आबा. गंगाखेडजवळच्या आमच्या गावात आबा भजनी मंडळात एकतारी वाजवायचे. गंगाखेड जनाबाईचं. नामदेवांशी नाव जोडलेलं नरसी 1999 साली हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत आमच्याच जिल्ह्यात होतं. अशा भागात एकतारीला कुणी वाद्य म्हणत नाही, ती घरातली वस्तू असते. आबांच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला घट्टा पडला होता. मी बास घेतली तेव्हा त्यांनी माझं बोट हातात घेऊन तपासलं आणि म्हणाले, "पडंल हळूहळू." त्या घट्ट्याशी मी नखी घेऊन बेइमानी केली, असं मला वाटत होतं.

मग मी शोधायला लागलो. बोटानेच वाजवायचं, हा नियम मुळात केला कुणी?

बास गिटारचा जन्म फार जुना नाही. त्याआधी बँडमध्ये खालचे स्वर डबल बासकडे असत. माणसापेक्षा उंच, व्हायोलिनच्या घरातलं हे वाद्य उभं धरून बोटांनी तारा ओढायच्या. ढोल, ट्रम्पेट आणि विजेवरची गिटार यांच्या गर्दीत ते बुडायचं. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या फुलरटन गावात रेडिओ दुरुस्त करणाऱ्या लिओ फेंडर यांनी 1951 साली त्यावर उपाय बाजारात आणला: गळ्यात अडकवायची, विजेवर चालणारी, चार तारांची बास. गिटारसारखे पडदे असल्याने स्वर नेमका लागायचा, म्हणून तिचं नाव प्रिसिजन. स्वतः फेंडर यांना गिटार वाजवता येत नव्हती.

तिच्या अंगावर एक छोटी पट्टी बसवलेली असे, ती सगळ्यात बारीक तारेच्या बाजूला. म्हणजे बोटांनी ती पट्टी धरायची आणि अंगठ्याने तारा छेडायच्या. पण वाजवणारे आपापल्या सोयीने वाजवत राहिले आणि 1970च्या दशकात कंपनीने ती पट्टी उलट्या बाजूला, अंगठा टेकवायला हलवली. ज्या कारखान्यात हे वाद्य जन्मलं, तिथेही हात कसा ठेवायचा हे पक्कं ठरलं नव्हतं. नियम तिथला नाही, एवढं मला कळलं.

मग सापडली दोन माणसं. पहिले जेम्स जेमरसन. डेट्रॉइट शहरातल्या मोटाउन कंपनीच्या 1960च्या दशकातल्या असंख्य गाण्यांतला बास त्यांचा. ते शाळेपासून डबल बास वाजवायचे आणि विजेची बास हातात आल्यावरही जुनी सवय सुटली नाही: उजव्या हाताचं फक्त पहिलं बोट. त्या बोटाला लोक 'हूक', म्हणजे आकडा म्हणायचे. इतकी गाणी वाजवूनही रेकॉर्डच्या वेष्टनावर त्यांचं नाव नसायचं. मोटाउनने ते छापलं 1971 साली, मार्विन गे यांच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन'वर.

दुसऱ्या कॅरल के. लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंत त्या गिटार वाजवायच्या. 1963 साली एका ध्वनिमुद्रणाला बासवाला आलाच नाही, म्हणून त्यांच्या हातात बास दिली गेली. गिटारवाल्याचा हात आपसूक नखीच धरतो. त्यांनी कडक नखी घेतली, स्वर फार लांबू नये म्हणून तारांवर नमद्याचा तुकडा लावला, आणि तोच आवाज त्यांची ओळख झाला. बीच बॉइजच्या 1966च्या 'पेट साउंड्स'मध्ये त्यांचा बास आहे.

ही दोन नावं शेजारी ठेवली आणि माझ्या डोक्यातला नियम ढिला झाला. जेमरसन डबल बासकडून आले म्हणून बोट. के गिटारकडून आल्या म्हणून नखी. दोघांपैकी कुणीही तत्त्व म्हणून काही निवडलं नव्हतं. हात जिथून आला, तिथली सवय घेऊन आला.

आमच्याकडे म्हणतात, 'जगात जर्मनी, भारतात परभणी'. म्हणून जर्मनीतलंही सांगतो. 1961 साली हॅम्बुर्गच्या क्लबांत रोज रात्री वाजवणाऱ्या एका इंग्लिश बँडमधला बासवाला बँड सोडून गेला. त्याची जागा गिटार वाजवणाऱ्या पॉल मॅकार्टनींना घ्यावी लागली. त्यांनी तिथेच हॉफनर या जर्मन कंपनीची व्हायोलिनच्या आकाराची बास घेतली. तेही गिटारवाले, तेही बहुतेक वेळा नखीने वाजवणारे. आणि बीटल्सचा बास 'खरा नाही' असं म्हणायला कुणाची जीभ रेटत नाही.

तिसरा मार्ग निघाला लॅरी ग्रॅहम यांच्या हातून. ते कॅलिफोर्नियात आपल्या आईच्या बँडमध्ये वाजवत. बँडमध्ये ड्रमवाला नव्हता. मग त्यांनी ढोलाचा ठोका म्हणून अंगठ्याने तार बडवली आणि वरचा कडक ठोका म्हणून बोटाने तार ओढून सोडली. आज ज्याला स्लॅप म्हणतात आणि रीलमध्ये पोरं ज्याच्यावर लाइक मिळवतात, ती पद्धत अशी एक माणूस कमी होता म्हणून घडली. ग्रॅहम यांची ही गोष्ट मला तेव्हा नुसती मजेशीर वाटली होती. तिचा अर्थ पुढे गावात कळला.

पण मालकांचं काय? 'ऐकू येईना' हे खोटं नव्हतं. त्याचं कारण साधं आहे आणि ते तुम्ही आत्ता हातातल्या फोनवर तपासू शकता. चार तारांच्या बासचा सगळ्यात खालचा स्वर सुमारे 41 हर्ट्झचा, म्हणजे तार सेकंदाला 41 वेळा हलते. फोनचा इवलासा स्पीकर इतकी संथ हालचाल हवेला देऊच शकत नाही. तरी फोनवर बास थोडाफार कळतो. कारण तार नुसती 41 वेळा हलत नाही. तिच्यात 82, 123, 164 असे वरवरचे स्वरही एकाच वेळी असतात. त्यांतले अगदी वरचे स्पीकरमधून बाहेर पडतात आणि आपला मेंदू त्यांवरून खालच्या स्वराचा अंदाज बांधतो.

आता बोटाचं टोक रुंद आणि मऊ असतं. ते तारेला सोडताना वरचे स्वर बरेचसे गिळतं, म्हणून आवाज गोल आणि उबदार येतो. नखीची कड पातळ आणि कडक. ती वरचे स्वर जागे करते आणि सुरुवातीला एक 'टक्' देते. मंडपात कीबोर्डवाल्याचा डावा हात खालचेच स्वर दाबत असतो, पॅडचा ठोका त्याच जागेत घुमत असतो, लोक बोलत असतात. तिथे गोल आवाज विरघळतो, 'टक्' शेवटच्या खुर्चीपर्यंत जातो.

ही अक्कल जुनी आहे. अमेरिकेत नॅशव्हिलच्या स्टुडिओंत 1960च्या आसपास डबल बासच्या सोबतीला तेच स्वर सहा तारांच्या विजेच्या बासवर नखीने वाजवून घेत, तळहात तारांवर दाबून. त्या पद्धतीचं नावच 'टिक-टॅक'. त्यामुळे छोट्या रेडिओवरही बासची चाल कळायची. म्हणजे आमचे मालक जे सांगत होते, ते नॅशव्हिलवाल्यांना साठ वर्षांपूर्वी ठाऊक होतं.

आणि आमच्या गोंधळ्यांना त्याच्याही कितीतरी आधी. हे मात्र मला उशिरा सुचलं. परभणी जिल्हा गोंधळाचा. इथल्या राजाराम कदम यांचं नाव गोंधळाच्या अभ्यासकांना माहीत आहे. चुलतबहिणीच्या लग्नानंतर घरी गोंधळ घातला तेव्हा मी पहिल्यांदा देवीकडे न बघता तुणतुण्याकडे बघत बसलो. लाकडी नळकांडं, खाली कातडं, त्यातून वर खुंटीला गेलेली एक तार. वाजवणाऱ्याने ती छोट्या लाकडी काडीने छेडायला घेतली. शेजारी संबळ कडाडत होता, अंगणात शंभर माणसं होती. मऊ बोटाचं तिथे काय चाललं असतं? देवीच्या आराधी-जोगत्यांचं चौंडकंही असंच. ते काखेत धरतात, तार डाव्या हाताने कमीजास्त ताणून स्वर वरखाली करतात आणि उजव्या हातातल्या लाकडी तुकड्याने छेडतात. बास गिटारवर बोट घसरवून जो घुमावदार आवाज काढायला मी महिनाभर घासत होतो, तो चौंडक्यात कधीचा आहे.

उलट मिरजेचा तंबोरा घ्या. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं. एकाच गल्लीत, एकाच कारागिराच्या हाताखाली ही दोन्ही वाद्यं घडतात. पण सतार नखीने वाजते आणि तंबोरा बोटाच्या मांसल भागाने. सतारीला प्रत्येक स्वर उठून दिसायला हवा असतो. तंबोऱ्याची तार कधी छेडली हे कळूच नये, नुसता सूर भरून राहावा, अशी अपेक्षा असते. एकाला उच्च आणि दुसऱ्याला खालचं कुणी म्हणत नाही. ज्याचं त्याचं काम वेगळं.

इतकं सगळं गोळा करून मी दिवाळीत गावी गेलो. आबा ओट्यावर बसले होते. मी जरा शहाणपणाच्या सुरात विचारलं, "आबा, गोंधळी काडीनं वाजवतात. तुम्ही एकतारी बोटानंच का वाजवता?" मला वाटलं, ते भक्तीबद्दल काही सांगतील. बोटाने तार छेडली की नाम थेट पोचतं, असं काहीतरी. आबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं शेतात उलटा नांगर धरणाऱ्याकडे पाहतात.

"काडी धरली तर चिपळ्या कोण धरंल?"

एवढंच. एका हाताने एकतारी उभी धरायची, त्याच हाताच्या पहिल्या बोटाने तार छेडायची, कारण दुसऱ्या हातात चिपळ्या असतात. काडी धरायला तिसरा हात कुठून आणायचा? ज्या बोटाला मी वर्षभर तत्त्व समजत होतो, ती फक्त हातांची वाटणी होती. लॅरी ग्रॅहम यांच्याकडे ड्रमवाला नव्हता, आबांकडे चिपळीवाला नव्हता.

तेव्हापासून मी भांडण सोडलं. मंडपात, वेगवान गाण्याला, खराब साउंडवर नखी. शांत गाण्याला, कीबोर्डवाला डावा हात उचलायला तयार असेल तेव्हा बोट. कुणी विचारलं की खरं काय, तर मी विचारतो, कुठे वाजवायचंय आणि सोबत कोण आहे?

दोन वर्षांनी आबांचा हात कापायला लागला. एकतारी धरून त्याच हाताने छेडणं जमेना आणि एकादशीच्या भजनाला ते नुसते टाळ्या वाजवत बसू लागले. एका एकादशीला मी त्यांच्या शेजारी बसलो आणि चिपळ्या माझ्याकडे घेतल्या. एकतारी त्यांच्या डाव्या हातात दिली आणि मोकळ्या झालेल्या उजव्या हातात माझी नखी. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली, मग तारेवर मारली. आवाज पार रस्त्यापर्यंत गेला. मृदंगवाल्याने वळून पाहिलं.

"लय लांब चाललाय," आबा म्हणाले. एक अभंग त्यांनी नखीने वाजवला. दुसऱ्याला ती खिशात घातली आणि मोकळ्या हाताच्या बोटाने, कापत कापत, हळू वाजवत राहिले. चिपळ्या माझ्याकडेच होत्या. नखी त्यांनी मला परत दिली नाही.