लाल घरकुलें

स्वीडनच्या खेड्यापाड्यांतून प्रवास करणाऱ्याच्या दृष्टीस प्रथम पडतात तीं तेथील लहान लाल घरें. ओंडके रचून उभारलेल्या भिंती, त्यांवर विटकरी रंग, आणि कोपऱ्यांना व खिडक्यांना पांढरी किनार. हा रंग इतका सर्वत्र दिसतो कीं, तो त्या भूमीबरोबरच जन्मास आला असावा असें वाटतें. वस्तुस्थिति निराळी आहे. गरिबाच्या भिंतीवर तो फार उशिरा आला, आणि आला तोहि एका नकलेच्या रूपानें.

डालार्ना प्रांतांत फालुन येथें तांब्याची पुरातन खाण होती. सतराव्या शतकांत एका काळीं युरोपांतील तांब्याचा सुमारें दोन तृतीयांश भाग ही एकटी खाण पुरवीत असे. १६८७ सालीं तिचा मोठा भाग खचून प्रचंड विवर पडलें. त्या दिवशीं उन्हाळ्यांतील सणाची सुटी होती म्हणून प्राणहानि टळली. या खाणींतले, तांबें अत्यल्प असलेले दगड ढिगाऱ्यांत टाकून देत. तेथें ते वर्षानुवर्षें झिजत. त्यांची लोहयुक्त माती धुऊन, वाळवून भट्टींत भाजली कीं लाल पूड मिळे. जातीनें ही आपल्या गेरूचीच बहीण.

१५७३ सालीं राजा तिसरा युहान यानें स्टॉकहोमच्या राजवाड्यासाठीं हा रंग मागविल्याची नोंद आहे. विटांचें बांधकाम त्या देशांत खर्चाचें. तेव्हां सरदारांनीं आपल्या लांकडी वाड्यांना लाल रंग देऊन विटांचा भास निर्माण केला. १७६४ पासून फालुनला रंगाचें नियमित उत्पादन सुरू झालें, आणि एकोणिसाव्या शतकांत तो शेतकऱ्याच्या झोपडीवर चढला. मौज अशी कीं, तोंवर श्रीमंतांची आवड पालटून ते आपले वाडे पिवळ्या-पांढऱ्या रंगांनीं रंगवूं लागले होते! शेजारच्या फिनलंडांत मात्र 'लाल झोपडी आणि बटाट्याचें शेत' हा साध्या सुखी संसाराचा वाक्प्रचारच होऊन बसला.

नक्कल म्हणून आलेला रंग टिकला तो स्वतःच्या गुणावर. त्याची कृति पाहा. उकळत्या पाण्यांत हिराकस विरघळवावयाचा, राय धान्याचें पीठ घालून ढवळीत शिजवावयाचें, मग लाल पूड टाकावयाची. पुढें जवसाचें तेलहि घालूं लागले. कपड्यांना खळ करणाऱ्या गृहिणीस हें वेगळें समजावून सांगावयास नको. रंधा न मारलेल्या खरबरीत लांकडावर हा रंग उत्तम बसतो. त्याची कातडी होत नाहीं, म्हणून लांकडांत शिरलेली ओल सहज बाहेर पडते. कित्येक वर्षांनीं तो भुकटीसारखा सुटूं लागला कीं कुंच्यानें झाडून वर नवा हात द्यावयाचा. खरवडण्याचा त्रास नाहीं. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत अनेकांनीं लांकडी भिंतींना रबरी पापुद्र्याचे नवे रंग दिले. भिंती तुळतुळीत दिसल्या, पण ओल आंत कोंडून पुष्कळ ठिकाणीं लांकूड कुजलें. जुनें घर रंगविणाऱ्यानें ही गोष्ट डबा उघडण्यापूर्वीं ऐकावयास हवी होती.

फालुनची खाण १९९२ सालीं बंद पडली, आणि २००१ सालीं युनेस्कोनें त्या परिसराचा जागतिक वारशांत समावेश केला. रंगाचा कारखाना मात्र चालूच आहे; त्याला लागणारी माती त्याच जुन्या ढिगाऱ्यांतून येते.